लॅपटॉपची ओळखपरेड

लॅपटॉप बंद पडला तर दुःख होतं, पण ते सरळ दुःख असतं. दुकान शोधायचं, घरी फोन करून पैसे मागायचे, चार दिवस मैत्रिणीच्या लॅपटॉपवर डोळा ठेवायचा. खरी पंचाईत वेगळीच असते. लॅपटॉप दुरुस्त होऊन येतो, पंखा फिरतो, स्क्रीन उजळते आणि पठ्ठ्या आपल्यालाच विचारतो, "मी कोण?" हा प्रश्न ऋषिमुनींना शोभतो. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलमधल्या मुलीला तो कुणी विचारू नये.

मदरबोर्ड बदललेल्या पुष्कळ लॅपटॉपवर असं होतं. काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात. पहिली : '२२००, मशीन टाइप अँड सिरियल नंबर आर इन्व्हॅलिड'. दुसरी : '२२०१, मशीन यूयूआयडी इज इन्व्हॅलिड'. ऑफिसांत चालणाऱ्या लॅपटॉपच्या एका मालिकेत हे आकडे अगदी असेच येतात. बाकीच्या कंपन्यांचे शब्द वेगळे, मतलब तोच. तब्येत ठणठणीत, पण ओळखपत्र हरवलं!

आता तुम्ही म्हणाल, लॅपटॉपला कसलं आलंय ओळखपत्र? मलाही आधी तसंच वाटायचं. सिरियल नंबर म्हणजे लॅपटॉपच्या पोटाखाली चिकटवलेला, घामाने अर्धा पुसलेला स्टिकर, एवढीच माझी समजूत. पण स्टिकर ही झाली दारावरची पाटी. खरी नोंद आत, मदरबोर्डवरच्या एका चिमुकल्या मेमरी चिपमध्ये असते. लॅपटॉप चालू केला की बायोस ती वाचतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमला एका ठरलेल्या तक्त्यात मांडून देतं. या तक्त्याच्या पद्धतीला 'एसएमबायोस' म्हणतात आणि तिचे नियम डीएमटीएफ नावाची संस्था ठरवते. त्यातल्या 'टाइप १' या भागात यंत्राची कुंडली असते : बनवणारा कोण, मॉडेल कोणतं, सिरियल नंबर काय आणि यूयूआयडी काय.

यूयूआयडी म्हणजे १२८ बिटांचा एक आकडा. लिहिताना तो ३२ अक्षरांचा होतो, मध्ये मध्ये आडव्या रेघा : आधी ८ अक्षरं, मग तीन वेळा ४-४, शेवटी १२. जगात दुसऱ्या कुणाचा तसा नसावा ही त्याची अट. मग जगभर विचारत फिरायचं का, "हा नंबर कुणी घेतलाय का हो?" नाही. फासे टाकून काढलेल्या यूयूआयडीमध्ये १२२ बिट निव्वळ नशिबावर सोडलेले असतात. २ चा १२२ वा घात म्हणजे सुमारे ५.३ गुणिले १० चा ३६ वा घात. एवढ्या गर्दीत दोघांना एकच नंबर मिळेल ही शक्यता आपल्या मेसच्या आमटीत डाळ सापडण्यापेक्षाही कमी आहे!

मला सगळ्यात आवडलेला नियम मात्र याच्या पुढचा आहे. यूयूआयडीच्या जागी सोळाही बाइट 'एफएफ' असतील, तर त्याचा अर्थ : ओळख सध्या नाही, पण देता येईल. आणि सोळाही बाइट शून्य असतील, तर अर्थ : या यंत्राला ही ओळखच नाही. दोन्ही रिकामेच, पण दोन रिकामेपणांत केवढा फरक! एक जण रांगेत फॉर्म हातात घेऊन उभा आहे आणि दुसऱ्यासाठी खिडकीच नाही. नियम लिहिणाऱ्या इंजिनियरांनी ही जागा मुद्दाम ठेवली. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं सांगण्याची रीतसर सोय केली. काहीतरी ठोकून द्यायची गरज ठेवली नाही. व्हायव्हाला आपल्याला ही सोय का नसते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

एवढं ज्ञान मला पुस्तकातून मिळालं नाही. मिळालं ते माझ्या रूमीमुळे, म्हणजे रूममेटमुळे. ती मेकॅनिकलची, आम्ही दोघी टीईला. तिच्या बाबांची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. २०२३ साली एका बहराचे पैसे आले, त्यातून त्यांनी तिला एक रिफर्बिश्ड लॅपटॉप घेऊन दिला. कुठल्याशा ऑफिसातून परत आलेला, पण मजबूत. दोन वर्षं त्याने मान खाली घालून काम केलं. वर्षभरापूर्वी त्याच्या कीबोर्डवरच्या तीन कळा गेल्या, 'ई', 'टी' आणि डावीकडचा शिफ्ट, तरी गडी चालत होता. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री चार्जिंग चालू असताना जळका वास आला आणि तो गप्प झाला.

गावातल्या दुकानात नेला. दुकानातले दादा म्हणाले, "बोर्ड गेलाय." त्यांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून नवा बोर्ड मागवला. साडेनऊ हजार रुपये. रूमीने स्कॉलरशिपचे जमवलेले त्यात घातले, बाकीचे बाबांनी पाठवले. आठ दिवसांनी लॅपटॉप आला आणि त्याच्याबरोबर त्या दोन ओळीही आल्या. एक कळ दाबली की तो पुढे जायचा, पण दर वेळी आधी ओरडायचा. दादा म्हणाले, "चालतंय की! एररकडे लक्ष नका देऊ."

पण लक्ष दिल्याशिवाय चालेना. कारण तो लॅपटॉप स्वतःलाच अनोळखी झाला नव्हता, त्याला ओळखणारे सगळेच अनोळखी झाले होते. ही ओळखपरेड एकेक करून सांगते. उद्या तुमच्यावर वेळ आली तर उपयोगी पडेल.

पहिली डिस्क. डिस्क जुनीच होती, डेटा सगळा तिच्यात शाबूत होता. पण विंडोज सुरू व्हायच्या आधी निळा पडदा आला आणि त्याने ४८ अंकी किल्ली मागितली. त्याचं कारण असं. अलीकडच्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. रोज आपल्याला ते जाणवत नाही, कारण बोर्डवरचं 'टीपीएम' नावाचं सुरक्षेचं ठिकाण मुकाट्याने कुलूप उघडून देतं. बोर्ड बदलला की टीपीएमही बदलतं. नव्या पहारेकऱ्याला जुन्या घराची किल्ली कशी ठाऊक असणार? अशा वेळी ती ४८ अंकी रिकव्हरी की लागते, आणि बहुधा ती त्याच खात्यात जमा झालेली असते. रूमीला खात्याचा पासवर्ड आठवत होता, म्हणून माझ्या फोनवरून खातं उघडून किल्ली मिळाली. आठवत नसता तर मिनी प्रोजेक्ट, दोन वर्षांच्या नोट्स, बागेचे फोटो, सगळं डोळ्यांसमोर असून गेलं असतं.

या किल्लीची एक गंमत बघा. तिचे सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. प्रत्येक गटात मुळात १६ बिटांची संख्या असते, तिला ११ ने गुणून लिहितात. म्हणून कुठलाही गट ७,२०,८९६ च्या आतच राहतो. एखादा अंक चुकीचा टाइप केला की भाग जात नाही आणि चूक त्या गटातच पकडली जाते. रात्री दीड वाजता मी अंक वाचत होते, रूमी टाइप करत होती आणि मधल्या एका गटात तिने ६ चा ९ केला. मशीनने तिथल्या तिथे अडवलं. आधारच्या १२ अंकांतला शेवटचा आणि मोबाइलच्या आयएमईआयचा पंधरावा अंकही अशाच पडताळणीसाठी असतात. यूयूआयडीला मात्र असा राखणदार अंक नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरं, नेटवर्क. आमच्या हॉस्टेलमध्ये केबलचं कनेक्शन मॅक ॲड्रेसवर नोंदवलेलं असतं. मॅक ॲड्रेस ४८ बिटांचा असतो. त्यातले पहिले २४ बिट कोणत्या कंपनीचे, ते आयईईई ही संस्था ठरवून देते. केबलचं पोर्ट बोर्डावरच असल्यामुळे तो ॲड्रेस बदलला आणि हॉस्टेलच्या नेटवर्कने रूमीला दारातच उभं केलं. वाय-फाय मात्र लगेच जोडलं गेलं! कारण या मॉडेलचं वाय-फाय कार्ड वेगळं असतं आणि दादांनी जुनंच कार्ड नव्या बोर्डात बसवलं होतं. एकाच लॅपटॉपचा एक हात ओळखीचा आणि दुसरा परका.

तिसरं, विंडोजचा परवाना. 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं कोपऱ्यात फिकट अक्षरांत यायला लागलं. डिजिटल परवाना हार्डवेअरशी बांधलेला असतो आणि त्यात मदरबोर्डाचं वजन सगळ्यात जास्त. पण परवाना आधीपासून खात्याला जोडलेला असेल तर ट्रबलशूटरमध्ये 'या उपकरणाचं हार्डवेअर मी नुकतंच बदललं' अशा अर्थाचा पर्याय मिळतो. तो निवडला, जुन्या नोंदीतून आपलं मशीन दाखवलं आणि काम झालं.

चौथं, सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर. यावरच तिचा मिनी प्रोजेक्ट उभा होता. त्याचा परवाना लॅबमधल्या यादीतल्या यूयूआयडीवर दिलेला. यादीत जुना यूयूआयडी आणि लॅपटॉपकडे कुठलाच नाही. सबमिशनला नऊ दिवस!

म्हणजे फिरून फिरून गाडी त्या दोन ओळींवर आली. सिरियल नंबर आणि यूयूआयडी बोर्डात लिहून घ्यायला हवे होते. त्यासाठी कंपनीचं एक छोटं साधन असतं. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायचा आणि मेन्यूतून ओळख भरायची. असली साधनं कंपन्या आपल्या सर्व्हिसवाल्यांसाठी बनवतात, दुकानदारांकडेही ती कुठून कुठून आलेली असतात. दादांकडे होतं. त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि विचारलं, "बोला, काय नंबर टाकू?"

आम्ही लॅपटॉप उलटा केला. स्टिकर होता, पण दोन वर्षं मांडीवर, गादीवर आणि वर्कशॉपच्या टेबलावर घासून त्यातली दोन अक्षरं गेली होती. एक 'बी' होता की ८, ते कळेना. दुसऱ्या जागी तर नुसता पांढरा डाग. दादा म्हणाले, "काहीही टाका हो. शून्यं टाकली तरी एरर जाते. कोण बघतंय?"

तेवढ्यात आमच्याबरोबर आलेल्या बीईच्या एका सीनियरला कल्पना सुचली. त्याच्याकडे हेच मॉडेल, नवीन घेतलेलं, वॉरंटी अजून बाकी. तो म्हणाला, "माझाच नंबर टाक की! वेबसाइटवर वॉरंटी दिसेल. तुझा कीबोर्ड फुकटात बदलून घेऊ. कंपनीला काय फरक पडतोय?" तो मनाने चांगला मुलगा आहे आणि मदत म्हणूनच सांगत होता. कीबोर्डचे तीन हजार सांगितले होते आणि रूमीकडे त्या महिन्यात मेसचे पैसे भरायलाही उरले नव्हते. मी तिच्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही. दादांना म्हणाली, "उद्या येते," आणि लॅपटॉप बॅगेत घातला.

रात्री तिने बाबांना फोन केला. बिल आहे का, म्हणून विचारलं. बाबा असे की कागद म्हटला की तो फाइलीत जाणारच. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो आला. लॅपटॉपचं बिल आणि त्यावर छापलेला पूर्ण सिरियल नंबर! फोटोच्या कडेला फाइलीतला पुढचा कागदही थोडा दिसत होता. मी विचारलं, "हे काय आहे?" ती म्हणाली, "सातबारा. आणि त्याच्या मागे दुरुस्तीचा अर्ज."

मग तिने जे सांगितलं त्याच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला. त्यांचा जुना सातबारा हस्तलिखित. तो संगणकावर चढवताना आजोबांच्या नावातलं एक अक्षर गळलं. अक्षर एकच, पण बँकेच्या दृष्टीने आजोबा दुसराच माणूस झाले आणि ठिबकचं कर्ज अडकलं. तेव्हा एका एजंटने सुचवलं होतं की हा घोळ निस्तरत बसू नका, कागदोपत्री वेगळीच नोंद दाखवू, पटकन होईल. बाबा नाही म्हणाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये १५५ वं कलम आहे, लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचं. बाबांनी त्याखाली अर्ज केला, जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल जोडली आणि फेऱ्या मारल्या. पुष्कळ मारल्या. पण अक्षर परत आलं.

'लेखनप्रमाद' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. आमच्या कॉन्व्हेंटच्या मराठीत तो कधी आला नाही. रूमीने समजावलं, "म्हणजे लिहिताना झालेली चूक. जमीन तीच, माणूस तोच, फक्त लिहिण्यात चुकलंय. मग दुरुस्ती म्हणजे काय? आधी जे खरं होतं तेच परत लिहायचं. त्यात आपल्या सोयीचं काही घालायचं नाही." थोडा वेळ थांबून म्हणाली, "त्याचा नंबर टाकला तर ती दुरुस्ती नाही ना गं. तो दुसराच लेखनप्रमाद, आणि तो मी जाणूनबुजून केलेला."

मी इंजिनियरिंगचं डोकं लावून बघितलं तरी तिचंच बरोबर निघत होतं. दोन लॅपटॉपांचा एकच सिरियल नंबर झाला, त्यातला एक चोरीला गेला आणि तक्रार झाली, तर पोलीस कुणाला विचारणार? सीनियरने कधी वॉरंटीत स्क्रीन बदलायला दिली आणि त्यांच्या नोंदीत कीबोर्ड आधीच बदललेला, तर उत्तर कोण देणार? मोबाइलच्या आयएमईआयमध्ये मुद्दाम फेरफार करणं हा आपल्याकडे गुन्हा ठरवला आहे, तो उगाच नाही. नंबर तुमच्या खिशातला असला तरी त्याच्यावर विसंबणारे बाहेर असतात. शून्यं भरायचा सल्ला निरुपद्रवी वाटतो, पण तोही खोटाच. रिकामी जागा निदान 'माहीत नाही' म्हणते. भरलेली शून्यं 'माहीत आहे' म्हणतात आणि चुकीचं सांगतात.

दुसऱ्या दिवशी जायच्या आधी मी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून 'डीएमआयडीकोड' चालवलं. एसएमबायोसचा तो तक्ता वाचून दाखवणारी ही आज्ञा. यूयूआयडीसमोर लिहून आलं : 'नॉट प्रेझेंट'. हजेरीपटावर हे शब्द दिसले की आपल्या पोटात गोळा येतो, इथे मात्र मला हायसं वाटलं. सोळाही 'एफएफ' असतील तेव्हा हे साधन 'नॉट प्रेझेंट' म्हणतं आणि सोळाही शून्यं असतील तर 'नॉट सेटेबल'. म्हणजे आमचा गडी रांगेत फॉर्म घेऊन उभा होता. खिडकी उघडी होती.

दुकानात दादांना बिलाचा फोटो दाखवला. ते हसले, पण खुर्चीवरून उठून म्हणाले, "मग तुम्हीच टाइप करा, म्हणजे माझ्यावर नको." रूमीने टाइप केलं, मी एकेक अक्षर बिलाशी ताडून मोठ्याने वाचलं. इथे चूक पकडायला ११ चा भाग जात नव्हता. साधन जे टाइप कराल ते घेतं. तो 'बी' निघाला, ८ नव्हता. काही कंपन्यांच्या बोर्डांत नंबर एकदा पक्का केला की सहजासहजी बदलता येत नाही, म्हणून एंटर दाबायच्या आधी आम्ही तीन वेळा वाचलं. मग मॉडेलचा नंबर, तोही बिलावरून.

यूयूआयडीची गोष्ट निराळी. लॅबच्या यादीत जुना होता, तोच लिहावा असं मला आधी वाटलं. पण या साधनाच्या मेन्यूत यूयूआयडी टाइप करायची सोयच नव्हती. ते स्वतः नवा बनवतं आणि लिहितं. आधीपासून एखादा वैध यूयूआयडी असेल तर त्याला हातही लावत नाही. विचार केल्यावर पटलं. सिरियल नंबर यंत्राच्या जन्माची नोंद आहे. ती बिलावर, वॉरंटीच्या कागदावर, पोटाखालच्या स्टिकरवर आहे. ती बदलायचा अधिकार आपल्याला नाही. यूयूआयडी हे सॉफ्टवेअरने हाक मारण्यासाठी ठेवलेलं नाव आहे. बोर्ड गेला, त्याबरोबर ते गेलं. नवं घ्यायला हरकत नाही, पण मग ज्यांच्या यादीत जुनं आहे त्यांना जाऊन सांगायला हवं. माणसाने नाव बदललं तर राजपत्रात छापून घेतात ना, तसं.

म्हणजे सगळ्या भानगडीचा सारांश दोन वाक्यांत मावतो. जुनं आहे ते जसंच्या तसं लिहायचं. नवं झालंय ते सगळ्यांना सांगायचं.

लॅपटॉप परत सुरू केला. काळा पडदा आला, गेला, मध्ये एकही ओळ नाही! मग सांगायची कामं. हॉस्टेलच्या नेटवर्कवाल्यांकडे साधा अर्ज : बोर्ड बदलला, जुना मॅक ॲड्रेस हा, नवा हा, सोबत दुरुस्तीचं बिल. संध्याकाळपर्यंत केबल चालू. लॅबमधल्या सरांकडे दुसरा अर्ज. सरांनी नवा यूयूआयडी आपल्या संगणकावर बघितला तर पहिले तीन गट आमच्या कागदाशी जुळेनात. आम्ही दोघी गारच पडलो. मग सरांनीच हसत सांगितलं की एसएमबायोसमध्ये यूयूआयडीच्या पहिल्या तीन गटांचे बाइट उलट्या क्रमाने ठेवतात आणि काही सॉफ्टवेअर ते सरळ न करता तसेच दाखवतात. प्रत्येक गटातल्या अक्षरांच्या जोड्या उलट्या लावून बघितल्या, तंतोतंत तोच नंबर. दोन कागद जुळले नाहीत म्हणजे त्यातला एक खोटाच असतो असं नाही. कधी कधी वाचायची दिशा वेगळी असते.

आता तुमच्यासाठी, मित्रमैत्रिणींनो, कामाची गोष्ट. हा अंक वाचून झाला की दहा मिनिटं काढा. लॅपटॉप सुरू करताना बायोस सेटअपमध्ये जा. पहिल्या पानावर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, बऱ्याच लॅपटॉपांत यूयूआयडीही दिसतो. फोनने फोटो काढा. पोटाखालच्या स्टिकरचाही काढा, तो पुसायच्या आत. बिल कुठे आहे ते घरी विचारा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आपली ४८ अंकी किल्ली आहे का ते बघून ती कागदावर उतरवा. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, नाहीतर कुलूप आणि किल्ली एकत्रच चोराच्या हातात जायची. आणि बोर्ड बदलायला द्यायची वेळ आलीच, तर 'नवा बोर्ड कोरा आहे का, नंबर कोण लिहून देणार' हे पैसे द्यायच्या आधी विचारा. जुन्या मशीनमधून काढलेला बोर्ड असेल तर त्यात दुसऱ्याच कुणाचा नंबर असू शकतो. तिथे एकही एरर येणार नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक.

रूमीचा रिपोर्ट मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. सीनियर आधी थोडा रुसला होता. नंतर त्यानेच त्याच्याकडचा एक जुना बाहेरचा कीबोर्ड आणून दिला. लॅपटॉपच्या 'ई', 'टी' आणि डावीकडचा शिफ्ट अजून बंदच आहेत. पुढच्या बहराला बघू, असं ती म्हणते. तोवर टेबलावर लॅपटॉपच्या पुढ्यात तो कीबोर्ड असतो, आणि जेवणाचं ताट ठेवायला जागा नसल्यामुळे आम्ही दोघी खाली बसून जेवतो.